रोपानं मान टाकण्याआधी

संध्याकाळी पन्नास कप्प्यांच्या ट्रेमध्ये टोमॅटोची रोपं सरळ उभी होती. सकाळी त्यातली अकरा आडवी पडलेली. पानं हिरवीगार, कुठे करपलेली नाहीत, किडीनं खाल्लेली नाहीत. फक्त मातीला टेकलेला देठ दोऱ्यासारखा बारीक झालेला, पाणीदार, चिमटीत धरला की पिचकणारा. मला वाटलं पाणी कमी पडलं, म्हणून झारीनं भरपूर पाणी घातलं. तिसऱ्या दिवशी ट्रेमध्ये सात रोपं उरली.

त्यानंतर चौदा वर्षं मी दर हंगामात रोपं करते आहे, स्वतःसाठी आणि मागणाऱ्यांसाठी. प्रत्येक ट्रेची नोंद वहीत असते: बी कधी टाकलं, मिश्रण कुठलं, किती उगवली, किती पडली. नव्यानं रोपं करणारा कुणी भेटला की मी सगळ्यात आधी त्याला एवढंच सांगते, की आडवं रोप दिसलं की हात आपोआप पाण्याकडे जातो, आणि नेमकं तेच करायचं नाही.

याला रोपं कोलमडणं म्हणतात, कुणी मर म्हणतं. कोलमडलेल्या रोपाला परत उभं करणारं औषध नाही. सेंद्रिय नाही, रासायनिकही नाही. त्यामुळे जे काही करायचं ते बी टाकण्याआधी आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत. तेवढ्या काळात रोपाचा देठ कोवळा, पाण्यानं भरलेला असतो. पुढे पेशींच्या भिंती जाड होतात, देठ टणक होतो आणि हेच रोगजंतू त्याला सहसा आडवं पाडू शकत नाहीत. आपलं काम त्याला तिथपर्यंत सुखरूप नेण्याचं.

शत्रू एक नाही

रोपं पाडणाऱ्या जंतूंपैकी पिथियम आणि फायटोप्थोरा यांना आपण सवयीनं बुरशी म्हणतो, पण त्या खऱ्या बुरशा नाहीत. त्यांच्या पेशीभित्तिकेत सेल्युलोज असतं आणि त्यांचं नातं तपकिरी शेवाळांशी जास्त जवळचं आहे. म्हणून त्यांना पाणबुरशी म्हणणं मला योग्य वाटतं. त्यांचे बीजाणू दोन शेपट्यांच्या जोरावर पाण्यात चक्क पोहतात. रुजणाऱ्या बियांतून आणि मुळांतून साखर झिरपते, तिच्या मागावर ते येतात. मातीच्या कणांमध्ये पाणी साचलेलं असलं की त्यांचा रस्ता मोकळा. पाणी निथळून तिथे हवा शिरली की तो रस्ता तुटतो. ही एक गोष्ट नीट कळली आणि माझी रोपं पडायची थांबली असं म्हटलं तरी चालेल.

रायझोक्टोनिया ही खरी बुरशी, तिचं वागणं वेगळं. ती पोहत नाही, धाग्यांनी सरकते, म्हणून ट्रेमध्ये एका कोपऱ्यातून गोल पसरत जाणारा डाग दिसतो. तिनं धरलेला देठ मातीच्या पातळीवर तांबूस-तपकिरी होतो, आत खचतो आणि तारेसारखा कोरडा पडतो. तिला चिखल लागत नाही, उबदार ओलावा पुरतो, आणि अर्धवट कुजलेला काडीकचरा तिला फार मानवतो. फ्युजेरियम हा बुरशीचा आणखी एक प्रकार मातीतून येतो, तसाच बियांवर बसूनही येतो.

आणखी एक प्रकार डोळ्यांना दिसतच नाही. बी उगवतच नाही आणि आपण बियाण्याला दोष देतो. आठ-दहा दिवस वाट पाहून एखादा रिकामा कप्पा काडीनं उकरून बघा. बी जसंच्या तसं टणक असेल तर अजून थांबा. कोंब फुटून तपकिरी, मऊ झालेला असेल तर तो याच रोगाचा बळी. मी माझ्या जुन्या वहीत ‘बी खराब’ असं लिहिलेल्या कितीतरी नोंदी नंतर खोडून दुरुस्त केल्या.

मिश्रण

बागेतली माती थेट ट्रेमध्ये भरू नका. जमिनीत ती कितीही चांगली असली तरी छोट्या कप्प्यात घट्ट बसते, पाणी धरून ठेवते, आणि तिच्याबरोबर हे सगळे सोबती येतात. मी दोन भाग धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग पूर्ण मुरलेलं कंपोस्ट आणि एक भाग परलाइट (खडक तापवून फुलवलेले हलके पांढरे दाणे) घेते. परलाइट नसेल तेव्हा जाडी वाळू, बारीक नव्हे. बारीक वाळू फटी बुजवते. कोकोपीट साध्या पाण्यात भिजवून, पिळून, असं दोन-तीनदा धुतलं की त्यातले क्षार निघून जातात. क्षारांनी मुळांची टोकं भाजतात आणि भाजलेलं मूळ जंतूंना उघडं दार असतं. गांडूळ खत चांगलंच, पण निम्म्याहून जास्त घातलं तर तेही क्षारांनी भारी होतं. बी स्वतःचा डबा घेऊन आलेलं असतं, त्याला सुरुवातीला खताची घाई नसते.

कंपोस्ट मुरलेलं म्हणजे काय, यावर जरा थांबते, कारण इथे बऱ्याच जणांची फसगत होते. काळं दिसतं म्हणजे झालं असं नाही. मूठभर घेऊन ओलं करा, पिशवीत बांधा आणि तीन दिवसांनी उघडून वास घ्या. पहिल्या पावसानंतर जमिनीला येतो तसा वास आला तर ते तयार आहे. आंबूस किंवा अमोनियाचा उग्र वास आला तर अजून महिनाभर तरी राहू द्या. अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठात हॅरी हॉइटिंक यांनी झाडांच्या सालीच्या कंपोस्टवर अनेक वर्षं काम केलं. चांगलं मुरलेलं कंपोस्ट पिथियमला दाबून ठेवतं, ते त्यातल्या असंख्य सूक्ष्मजीवांच्या गर्दीमुळे: खाणं आधीच वाटून गेलेलं असतं आणि पिथियमच्या वाट्याला काही उरत नाही. कच्च्या कंपोस्टमध्ये उलटं होतं, तिथे रोगजंतूंनाच खाणं मिळतं. रायझोक्टोनियाला आवरायला मात्र नुसती गर्दी पुरत नाही, तिच्यावर तुटून पडणारे खास सूक्ष्मजीव लागतात. त्याकडे पुढे येते.

तापवावं की नाही

मिश्रण वाफेवर तापवून निर्जंतुक करायचा सल्ला सगळे देतात. मीही एका वर्षी तेच केलं, आणि जितकं जास्त तितकं बरं म्हणून तासभर उकळत्या वाफेत ठेवलं. त्या ट्रेमध्ये कोलमड नेहमीपेक्षा वेगानं पसरली. कारण नंतर समजलं. कडक वाफेनं चांगलं-वाईट सगळं मरतं आणि मिश्रण रिकामं होतं. मग न धुतलेल्या झारीच्या तोटीतून किंवा माझ्या बोटांवरून जे पहिलं आत शिरतं, त्याला अडवणारं कुणीच नसतं. शिवाय माती फार तापली की त्यातलं मँगनीज मोकळं होतं, अमोनिया साठतो, आणि रोपांना त्याचाच त्रास होतो.

कॅलिफोर्निया विद्यापीठात केनेथ बेकर यांच्या संपादनाखाली 1957 साली कुंडीतल्या निरोगी रोपांविषयी एक पुस्तिका निघाली. या विषयाची शिस्त तिथून बरीचशी आली. पुढे रूढ झालेलं सूत्र असं, की ओलसर मिश्रणाच्या गाभ्यापर्यंत 60 अंश सेल्सियस तापमान अर्धा तास टिकलं तर बहुतेक रोगजंतू मरतात आणि उपयोगी जिवाणूंपैकी बरेच वाचतात. घरी एवढं काटेकोर जमणं अवघड, म्हणून मी 70 अंशांच्या आसपास अर्धा तास ठेवते आणि 82 च्या वर जाऊ देत नाही. दांडीचा थर्मामीटर मधोमध खुपसलेला असतो. त्याच्याशिवाय तापवू नका.

ऊन कडक असेल तर त्याहून सोपी वाट आहे. मिश्रण ओलं करून पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत पातळ थरात भरा, तोंड बांधा, आणि त्यावर दुसऱ्या पारदर्शक प्लॅस्टिकचा तंबू करा. दोन आवरणांमध्ये अडकलेल्या हवेनं आतलं तापमान चढतं. गाभा 60 अंशांवर तासभर राहिला की काम झालं. प्लॅस्टिक पारदर्शकच हवं. काळं प्लॅस्टिक स्वतः तापतं, माती तितकी तापत नाही. गादीवाफ्यावर रोपं करायची असतील तर हीच युक्ती जमिनीवर चालते: वाफा भिजवून, प्लॅस्टिक जमिनीला चिकटून अंथरून, कडा मातीत गाडून, वर्षातल्या सगळ्यात तापलेल्या दिवसांत चार ते सहा आठवडे. इस्रायलमध्ये याकोव्ह काटान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1976 मध्ये ही पद्धत पहिल्यांदा नीट मांडली.

तापवलेलं मिश्रण गार झालं की ते रिकामं ठेवू नका. मी त्यात मुरलेलं कंपोस्ट मिसळते (ते मात्र मी तापवत नाही, ढिगात असताना ते चांगलं तापून गेलेलं असतं) आणि ट्रायकोडर्मा.

ट्रायकोडर्मा

ही खरी बुरशी, पण आपल्या बाजूची. रिचर्ड वाइंडलिंग यांनी 1932 मध्ये दाखवलं की ट्रायकोडर्मा रायझोक्टोनियाच्या धाग्यांना वेटोळे घालून त्यांना खाऊन टाकते. मघाशी म्हटलेले तुटून पडणारे ते हेच.

पाकिटातून मिळणारी ट्रायकोडर्माची पावडर म्हणजे जिवंत वस्तू आहे हे लोक विसरतात. पाकिटावरची मुदत बघा. उन्हात, बंद गाडीत ठेवू नका. मी दोन किलो मुरलेल्या ओलसर कंपोस्टमध्ये वीस ग्रॅम पावडर मिसळून, ओल्या गोणपाटाखाली सावलीत आठ-दहा दिवस ठेवते, मध्ये एकदा वरखाली करते. हिरवट-पांढरी झाक दिसली की ते कंपोस्ट मिश्रणात घालते. बियांना लावायची असेल तर किलोला चार ते पाच ग्रॅम असं प्रमाण. घरच्या चिमूटभर बियांना चाकूच्या टोकावर मावेल तेवढी पुरते. बी किंचित ओलसर करायचं, पावडर चोळायची, सावलीत सुकवायचं आणि त्याच दिवशी टाकायचं. रोपं पडायला लागल्यावर ट्रायकोडर्मा ओतून फारसं काही होत नाही. तिला आधी येऊन घर करायला वेळ लागतो.

बी

जुनं बी रुजताना ताज्यापेक्षा जास्त साखर बाहेर सोडतं, आणि सावकाश उगवतं. म्हणजे जंतूंना आमंत्रणही जास्त आणि वेळही जास्त. माझ्याकडे जपून ठेवलेलं जुनं बी असलं तर मी आधी दहा दाणे ओल्या कागदात गुंडाळून तपासते. सहापेक्षा कमी फुटले तर ते ट्रेमध्ये टाकत नाही, कागदातच कोंब काढून मग लावते.

बियांवरून येणाऱ्या रोगांसाठी गरम पाण्याची प्रक्रिया आहे. टोमॅटो, वांगी आणि कोबीला 50 अंश सेल्सियस, 25 मिनिटं. बी पातळ कापडात सैल बांधून पाण्यात धरायचं, पाणी ढवळत राहायचं, नंतर लगेच गार पाण्यात बुडवून पसरून सुकवायचं. दोन अंश इकडे-तिकडे झाले तर एक तर जंतू वाचतात किंवा बी मरतं, म्हणून थर्मामीटरवरची नजर हलवायची नाही. वाल, वाटाणा, काकडी, भोपळा अशा मोठ्या बियांना हे करू नका, त्या फुटतात. आणि जुन्या, अशक्त बियांनाही नको.

पेरताना खोली बियांच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट. त्याहून खोल गेलं की कोंबाचा मातीतला प्रवास वाढतो. एका कप्प्यात दोनच बिया, आणि दोन्ही उगवल्या तर एक कात्रीनं कापायची, उपटायची नाही. उपटताना शेजारणीची मुळं तुटतात. वरून मी मातीऐवजी जाड्या वाळूचा पाव इंची थर देते. तो लवकर सुकतो आणि देठाभोवतीची जागा कोरडी राहते.

पाणी

वाफसा हा शब्द आपण शेतजमिनीसाठी वापरतो. ओल आहे पण चिखल नाही. मुठीत गोळा होतो, अंगठ्यानं दाबला की फुटतो. तोच वाफसा मला पाच सेंटीमीटर खोल कप्प्यात हवा असतो, आणि बाकी सगळं एका पारड्यात घातलं तरी हे पारडं जड राहील.

ट्रे भरतानाच मिश्रण ओलसर असावं. मूठ घट्ट आवळली की बोटांच्या फटीत एखादा थेंब चमकावा, धार लागू नये. बी टाकल्यावर पहिलं पाणी, आणि पुढचं प्रत्येक पाणी, खालून. परातीत दोन सेंटीमीटर पाणी घ्या, ट्रे त्यात ठेवा, वरच्या मिश्रणाचा रंग गडद झाला की उचला. पंधरा-वीस मिनिटं पुरतात. निथळू द्या आणि परातीतलं उरलेलं पाणी बाहेर झाडांना घाला. त्याच पाण्यात दुसरा ट्रे ठेवायचा नाही! पाणबुरशीचे बीजाणू पोहतात, हे लक्षात असू द्या. एका आजारी ट्रेचं पाणी पाच ट्रेंना पुरतं. उघड्या टाकीतलं, डबक्यातलं, शेवाळलेल्या पिंपातलं पाणीही रोपांना नको.

पुढचं पाणी कधी, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. ‘रोज सकाळी’ असं उत्तर मी देत नाही, कारण ढगाळ दिवशी ते चुकीचं ठरतं. मी ट्रे वजनकाट्यावर ठेवते. पाणी पिऊन निथळलेला माझा ट्रे दोन किलोच्या आसपास भरतो, आणि दीड किलोवर आला की पाणी द्यायची वेळ झाली हे मी वहीवरून ठरवलं आहे. तुमचा आकडा वेगळा असेल. भिजल्यानंतर एकदा आणि रोपं किंचित मलूल दिसतील तेव्हा एकदा वजन करा, आणि त्या दोन्हींच्या मध्ये, मलूलपणाच्या थोडं अलीकडे खूण करा. आठवडाभरात काटा लागत नाही, ट्रे उचलला की हातालाच कळतं. ज्यांना हे नको वाटतं त्यांनी बोट टेकवावं: वरचा अर्धा सेंटीमीटर कोरडा, फिकट झाल्याशिवाय पाणी नाही.

पाणी सकाळी, म्हणजे रात्रीपर्यंत पृष्ठभाग सुकतो. उगवणीसाठी ट्रेवर झाकण किंवा प्लॅस्टिक घातलं असेल तर निम्मी रोपं दिसताच ते काढा. उरलेल्या निम्म्यांची वाट पाहत झाकण ठेवलं की आधी आलेली हमखास पडतात.

हवा आणि उजेड

छोटा पंखा, सगळ्यात मंद गतीवर, रोपांची पानं जेमतेम हलतील इतकाच. पृष्ठभाग सुकतो आणि हलण्यानं देठ जाडही होतात. उजेड कमी पडला की रोपं लांबुळकी, लेचीपेची होतात आणि त्यांचा देठ जास्त दिवस कोवळा राहतो, म्हणजे धोक्याचे दिवसही वाढतात. नत्र जास्त दिलं तरी हेच होतं. पहिली खरी पानं येईपर्यंत मी काहीही देत नाही.

टोमॅटो, मिरची, वांग्याच्या बियांना रुजताना 25 अंशांच्या आसपासची ऊब हवी. गार, ओल्या मिश्रणात त्या दोन-दोन आठवडे पडून राहतात. पण पिथियमच्या काही जाती गारव्यात जोर धरतात तशा काही तिशीच्या वरच्या उष्णतेत. त्यामुळे नुसतं गरम ठेवलं की रोग टळला असं समजू नका.

ट्रेवर बारीक काळी चिलटं उडताना दिसली तर तेही पाणी जास्त झाल्याचं लक्षण. त्यांच्या अळ्या मुळं कुरतडतात आणि पिथियम एका कप्प्यातून दुसऱ्यात नेतात. पिवळे चिकट कागद लावा, वरचा वाळूचा थर जाड करा, आणि पाण्याचं अंतर वाढवा. मातीवर दिसणारी पांढरी कापसासारखी बुरशी बहुतेक वेळा नुसती कुजक्यावर जगणारी असते, पण तीही हेच सांगते.

दालचिनीची पूड आणि कॅमोमाइलचा काढा याबद्दल विचारणारे खूप असतात. दालचिनीनं पृष्ठभागावरची बुरशी कमी होते हे मी पाहिलं आहे, जाड थर दिला तर बी उगवायला अडखळतं हेही पाहिलं आहे. काढ्यानं माझ्या ट्रेमध्ये काही फरक पडला नाही. ओला ट्रे ओलाच ठेवून वर काहीही भुरभुरवलं तरी देठ वाचत नाही.

एखादं पडलंच तर

त्याच क्षणी तो कप्पा मिश्रणासकट काढा, शेजारचे आठही काढा, जरी त्यातली रोपं ताठ दिसत असली तरी. हे जड जातं, मला अजूनही जातं. काढलेलं कंपोस्टच्या ढिगात टाकू नका, बंद पिशवीतून कचऱ्यात द्या. उरलेला ट्रे इतरांपासून लांब, हवेशीर आणि भरपूर उजेडाच्या जागी ठेवा आणि पाणी दोन दिवस बंद. पानं थोडी मलूल झाली तरी चालेल. आजारी ट्रेचं काम दिवसाच्या शेवटी करा आणि मग हात साबणानं धुवा, कात्री स्पिरिटनं पुसा.

हंगाम संपला की ट्रे आधी ब्रशनं घासून माती काढा. पिथियमचे जाड कवचाचे बीजाणू वाळलेल्या मातीच्या कणात वर्षानुवर्षं टिकतात, आणि घाण असलेल्या ट्रेवर कुठलंही द्रावण नीट चालत नाही. मग साबणाचं गरम पाणी, नंतर तीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये दहा मिनिटं, आणि उलटे करून कडक उन्हात. झारीची तोटी, परात, नळीचं टोक, बी टोचायची काडीसुद्धा याच रांगेत. नळीचं टोक जमिनीवर पडू देऊ नका. मी ते भिंतीवरच्या खिळ्याला अडकवते.